बंद पडले, की बंद केले

माझ्या बहिणीच्या शेडमधले पंखे बंद पडले नव्हते, बंद केले होते. मराठीत या दोन क्रियापदांमध्ये एका माणसाचं अंतर आहे. जालन्यातल्या एका दैनिकात मी उपसंपादक म्हणून लागलो, तेव्हा आमचे वृत्तसंपादक याच अंतरावर लाल पेन रोखून बसलेले असत. रस्ता खचला, निधी रखडला, वीज गेली अशी बातमी आली की ते क्रियापदाभोवती गोल करून कागद परत पाठवत. करणारा सापडला तर ती बातमी, नाही तर ते हवामान, असं त्यांचं म्हणणं होतं. भाद्रपदात मला क्रियापद मिळालं. करणाराही मला माहीत होता. पण तो स्वतःच्या तोंडाने तसं म्हणेपर्यंत फाल्गुन उजाडला. मधल्या महिन्यांत काय झालं आणि मी काय केलं, ते इथे लिहितो.

राजूरहून आमच्या गावाकडे निघालं की गावाच्या अलीकडे तीन वस्त्या लागतात. माळावरची आमची, रस्त्याकडेची चुलत्यांची आणि ओढ्यापलीकडची, भावकीतल्याच पण जरा लांबच्या लोकांची. सरकारी लाईन तिन्ही वस्त्यांवर आलेली आहे, पण ती आपल्या सवडीने येते. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने प्रत्येक वस्तीवर सौर पॅनल बसवले आणि सोबत एकेक लहान बॅटरी दिली. त्यातून एक अडचण निघाली. ओढ्यापलीकडे घरं कमी. त्यांची बॅटरी दुपारीच भरायची आणि पुढचं ऊन फुकट जायचं. रस्त्याकडेला चुलतभावाचं दूध संकलन केंद्र होतं, तिथे दिवेलागणीलाच बॅटरी संपायची. म्हणून संस्थेने तिन्ही वस्त्या तारेने एकमेकींना जोडल्या, लहान बॅटऱ्या काढून नेल्या आणि शाळेच्या मागच्या खोलीत एकच मोठी, सामाईक बॅटरी बसवली. ज्या वस्तीच्या पॅनलची वीज, ती आधी त्या वस्तीला. उरेल ती बॅटरीत. कमी पडेल त्याने बॅटरीतून घ्यायची.

हे सगळं सांभाळायला खोलीच्या भिंतीवर एक डबा आहे. पडद्यावर बॅटरी किती भरलेली आहे त्याचा आकडा दिसतो. आकडा ठरलेल्या खुणेच्या खाली गेला की डबा आपोआप एकेका वस्तीची लाईन तोडतो, म्हणजे बॅटरी पार मरत नाही. पिण्याच्या पाण्याची मोटार आणि शाळा यांना तो हात लावत नाही. बाकी तिघांत आधी कोणाची तोडायची, हा क्रम वस्त्यांच्या समितीने ठरवून द्यायचा असतो. डब्याखाली तीन खटके आहेत, एकेका वस्तीचा एकेक. डब्याला न विचारता हाताने लाईन बंद करायची असेल तर खटका खाली ओढायचा. डब्याला आत्ताचं कळतं. काल काय झालं ते त्याला आठवत नाही.

बॅटरी आली तेव्हा लोकांनी तिच्याकडे विहीर म्हणून बघितलं. आमच्या भागात सामाईक विहिरीचं एक शहाणपण आहे: आपण उपसलं नाही ते शेजाऱ्याने उपसलं. त्यामुळे पहिल्या पावसाळ्यापर्यंत जो तो संध्याकाळ व्हायच्या आत बॅटरी उपसून घ्यायला बघायचा. गरज नसताना मोटारी चालायच्या, दिवसा दिवे जळायचे. ओढ्यापलीकडचे एक आप्पा तर रिकाम्या बॅटरीची काळजीच करत नसत. रातीतून झिरपून येतंय की, असं ते म्हणत. संस्थेच्या माणसाने त्यांना समजावून सांगितलं की बॅटरीला झरे नसतात. आप्पांनी ऐकून घेतलं आणि, मंग कशाला एवढा खर्चा केला, असं विचारलं.

दूध केंद्रवाला चुलतभाऊ समितीचा अध्यक्ष होता. वयाने आमच्यापेक्षा मोठा. अख्खा गाव त्याला दादा म्हणतो, आम्हीही म्हणतो. खोलीची किल्ली त्याच्याकडे असे. लाईन तोडण्याचा क्रमही त्यानेच संस्थेच्या माणसाला सांगितला होता. आधी माळावरची, मग ओढ्यापलीकडची, शेवटी रस्त्याकडेची. दूध नासतं, त्याला थांबता येत नाही, हे त्याचं कारण होतं आणि ते खोटं नव्हतं. तेव्हा कोणी विरोध केला नाही. माळावर थांबता न येणारं काही होतं, याचा विचारही कोणी केला नाही.

माळावर माझी थोरली बहीण राहते. तिला मी आक्का म्हणतो. मी नोकरीसाठी नवीन जालन्यात राहायला गेल्यावर माझ्या वाट्याची जमीनही तिच्याकडे कसायला दिली. ती जमीन दादाला हवी होती. त्याने ती कधी मागितली नाही, पण मी ती त्याला विचारल्याशिवाय दिली हे तो विसरला नाही. आक्काचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, बदनापूरकडचे. इकडे येऊन राहिले म्हणून दादा त्यांना घरजावई म्हणायचा. तेही तोंडावर, आणि हसत, म्हणजे रागावायची सोय ठेवायची नाही. दाजी रागावत नसत. ते घरी येऊन मुकाट बसत.

आक्काने तुती लावली आणि रेशमाच्या अळ्या पाळायला सुरुवात केली, ती कृषीवाल्यांच्या एका शिबिरात बघून. पहिल्या वर्षी सगळ्यांनी चेष्टा केली. तिचे कोष जालन्याच्या बाजारात गेले आणि चेष्टा थांबली. नंतर तीन-चार बायकांनी बांधावर तुती लावून बघितली. तिचं शेड म्हणजे लोखंडी सांगाडा, वर पत्रा, बाजूंना जाळी आणि आत थरावर थर रॅक. अळी लहान असते तोवर फार मागत नाही. शेवटच्या अवस्थेत ती सतत खाते, आणि तेव्हा तिला पाल्याइतकीच हवा लागते. हवा कोंडली की अळ्या ढिल्या पडतात, खाणं सोडतात, काळ्या पडून पिचतात. म्हणून शेडला दोन्ही टोकांना पंखे असतात.

भाद्रपदात सलग काही दिवस आभाळ भरून राहिलं. पाऊस नाही, वारा नाही, फक्त घाम. पॅनलमधून जेमतेम वीज येत होती. आक्काच्या अळ्या शेवटच्या अवस्थेत होत्या. दुपारचा पाला टाकून झाला आणि पंखे थांबले. ती थोडा वेळ थांबली. मग बॅटरीच्या खोलीकडे चालत गेली. खोलीला कुलूप होतं. तिने खिडकीच्या जाळीतून बघितलं. डब्याच्या पडद्यावरचा आकडा खुणेच्या चांगलाच वर होता. म्हणजे डब्याने लाईन तोडली नव्हती. खटके खिडकीखालच्या भिंतीवर आहेत, ते बाहेरून दिसत नाहीत. ती तशीच दूध केंद्रावर गेली. तिथे कूलर चालू होता. दादा तिथे नव्हता. राजूरला गणपतीच्या दर्शनाला गेलाय, आल्यावर सांगतो, असं तिथल्या माणसाने सांगितलं. दादाचा फोन लागला नाही.

लाईन दुसऱ्या दिवशी सकाळी आली. तोवर आक्का आणि दाजी गोणपाट ओले करून जाळीला लावत होते, हाताने वारा घालत होते. सकाळी मी पोचलो तेव्हा आक्का रॅकवरून अळ्या घमेल्यात भरत होती. वास सांगण्यासारखा नव्हता. मोकळ्या रॅकला चुना लावायला मी हात लावला, तेव्हा तिने मला बाजूला केलं. तिला ते स्वतः करायचं होतं.

दादा दुपारी आला. शेडच्या दारात उभा राहून त्याने हळहळ केली. लाईन गेल्ती, म्हणाला. डबा आपोआप तोडतो, त्याला काय करणार. आक्काने आकड्याचं सांगितलं. तो म्हणाला, बाई, ढगाळ दिवसात जाळीतून काय दिसतंय बराबर. मग जाता जाता, दाजींकडे बघून, एक वाक्य टाकून गेला: "पाला ओला टाकला असंल. पावसाळ्यात बायामाणसांकडून व्हऊन जातंय."

ओल्या पाल्याने अळ्या मरतात, हे खरं आहे. म्हणून ते वाक्य चाललं. आठवडाभरात तिन्ही वस्त्यांत तेच कारण झालं. आक्काने ओला पाला टाकला. ज्या बायकांनी बांधावर तुती लावली होती, त्यांतल्या दोघींनी ती उपटली. अळ्या आणायला ज्यांच्याकडे जायचं, तेही आक्काला पाला कसा सुकवायचा ते समजावू लागले. तिने ऐकून घेतलं. पाला कसा सुकवायचा हे त्यांच्यातल्या काहींना तिनेच शिकवलं होतं.

आणि दाजींनीही ते मानलं. माझा राग त्या दिवशी पक्का झाला. ते वाईट माणूस नाहीत. पण गावाने त्यांना जन्मभर सांगितलं होतं की हे शेत तुझं नाही, आणि आता गावच सांगत होतं की तुझ्या बायकोला ते जमत नाही. त्यांना मोसंबी लावायची होती. मोसंबी लावणाऱ्या माणसाला आमच्याकडे शेतकरी म्हणतात. ते आक्काला एवढंच म्हणाले की गुढीपाडव्यापर्यंत बघू, पाडव्याला तुती काढून मोसंबीचे खड्डे घेऊ. आमच्याकडे शेतीचं वर्ष पाडव्याला फिरतं. म्हणजे आक्काच्या हातात तेवढेच दिवस होते. तोवर ओल्या पाल्याचं खोटं ठरलं तर तुती राहणार होती. नाही ठरलं तर जाणार होती.

आक्काने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. पेपरमध्ये काही लिहू नको, म्हणाली. तू लिहिलंस तर भावाने लिहिलं म्हणतील. ते बरोबर होतं. पुरावा नव्हता. आकडा तिने एकटीने बघितला होता, आणि डब्याला मागचं काही आठवत नव्हतं. दूध केंद्रावरच्या माणसाला मी एकदा राजूरच्या बसस्टँडवर गाठून चहा पाजला. त्याने चहा घेतला आणि आपल्याला पोरंबाळं आहेत, असं सांगितलं. त्यावरून जे समजायचं ते मला समजलं, पण ते वाक्य नव्हतं. मला दादाच्या तोंडचं वाक्य हवं होतं. चार लोकांसमोर. त्यात "म्या" हवा होता.

भांडून ते मिळालं नसतं. भांडणात दादा हुशार आहे. म्हणून मी विहिरीकडे बघितलं.

तिन्ही वस्त्यांची एक जुनी सामाईक विहीर आहे, आणि तिच्या पाण्याची बारी ठरलेली आहे: आधी कोण, मग कोण, शेवटी कोण. ही बारी दर वर्षी दिवाळी झाली की उलटते. जो शेवटी होता तो पहिला होतो. मोटारघराची किल्लीही पहिल्या बारीवाल्याकडे जाते. याला उलटी बारी म्हणतात. आजोबांच्या वेळेपासून ही चालत आलीय आणि तिच्यावरून कोणी कोर्टात गेलेलं नाही, ही आमच्या भावकीत छोटी गोष्ट नव्हे. विहिरीचा लोभ लोकांनी बॅटरीला लगेच लावला होता. विहिरीचा कायदा लावायचं कोणाला सुचलं नव्हतं.

मी समितीत नव्हतो. असतो तरी बोललो नसतो. दिवाळीच्या सुट्टीत मी ओढ्यापलीकडे आप्पांकडे फराळाला गेलो. बोलता बोलता विचारलं की विहिरीची बारी दिवाळीनंतर उलटते, मग डब्याचा क्रम दर वर्षी तोच का. आप्पांनी करंजी ताटात ठेवली. पुढचं मी काही बोललो नाही. घरी येताना मला खात्री होती की आता हे आप्पांना स्वतःलाच सुचलेलं आहे.

समितीची बैठक शाळेच्या ओट्यावर झाली. मी भिंतीला टेकून मागे बसलो होतो. वार्षिक विषय संपल्यावर आप्पा उठले आणि म्हणाले, "दादा, विहिरीत उलटी बारी अन् बॅटरीत सुलटीच. ह्ये कसं काय?"

दादा म्हणाला, "आप्पा, बॅटरी म्हंजी विहीर हाय का?"

"न्हाई म्हणतो का मी? तिला झरे नसतेत, मला म्हाईत हाय," आप्पा म्हणाले, आणि लोक हसले. "पर सामाईक हाय का न्हाई? सामाईक म्हंजी सामाईक, असं तूच म्हणत व्हता ना विहिरीच्या भांडणात?"

दादा खरंच तसं म्हणाला होता. काही वर्षांपूर्वी विहिरीवर आमच्याच वडिलांशी वाद झाला, तेव्हा उलटी बारी मोडली तर भावकी मोडली, असं त्याने देवळासमोर उभं राहून सांगितलं होतं. ते ऐकलेले अर्धे लोक त्या ओट्यावर बसले होते. शिवाय कार्तिक चालू होता. आभाळ लख्ख, बॅटरी दुपारीच भरत होती, कोणाचीच लाईन तुटत नव्हती. क्रम उलटण्यात त्याला तोटा दिसला नाही. त्याने हात झटकले, किल्ली कमरेच्या गोफातून सोडवली आणि आक्कासमोर धरली. "घे बाई. तुझी पहिली बारी. अळ्यांला पाळण्यात घाल अन् झोका दे आता." लोक पुन्हा हसले. आक्काने किल्ली घेऊन पदराला बांधली. ती हसली नाही.

संस्थेच्या माणसाने येऊन डब्यातला क्रम बदलला. आता खुणेच्या खाली आकडा गेला की आधी रस्त्याकडेची लाईन तुटणार होती, म्हणजे दुधाचा कूलर. आमची सगळ्यांत शेवटी.

नंतर मी ढगांची वाट बघितली. मराठवाड्यात ढगांची वाट सगळेच बघतात, पण आषाढात. मी माघात बघत होतो, गहू उभा असताना, मोसंबीला फूल असताना. अवकाळी आलं तर कोणाकोणाचं काय जाईल ते मला माहीत होतं. तरी रोज सकाळी नवीन जालन्यातल्या गच्चीवर जाऊन मी पश्चिमेकडे बघत होतो. मधे आक्काच्या दोन बॅचेस नीट निघाल्या. दाजींवर त्याचा परिणाम झाला नाही. कोरड्या हवेत कोणाच्याही निघतात, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. ट्रॅक्टरवाल्याशी त्यांचं बोलणं झालेलं होतं.

फाल्गुनात आभाळ आलं. आधी वादळ झालं, त्यात सरकारी लाईनचे खांब पडले. मग गारा नाहीत, नुसतं करडं आभाळ, दिवसामागून दिवस. पॅनल गप्प झाले. बॅटरीचा आकडा उतरत गेला. मी रजा टाकून गावाला गेलो.

दुपारी डब्याने रस्त्याकडेची लाईन तोडली. आपोआप. कोणी हात लावला नव्हता. दुधाच्या टाकीत सकाळचं सगळं दूध होतं आणि खांब रस्त्यावर आडवे असल्यामुळे टँकर अडकला होता. सामाईक बॅटरी आल्यावर दादाने स्वतःचा जनरेटर विकून टाकला होता. कशाला ठेवायचा, असं तेव्हा तो म्हणाला होता.

तो आमच्याकडे आला तेव्हा एकटा नव्हता. ज्यांचं दूध टाकीत होतं ते लोक मागोमाग आले, त्यात बायकाच जास्त होत्या. आप्पाही आले. दाजी शेडच्या दाराशी पाला तोडत बसले होते. आतल्या अळ्या पुन्हा शेवटच्या अवस्थेत होत्या आणि पंखे चालू होते.

"बाई, किल्ली दे," दादा म्हणाला. "दूध तापून राह्यलं."

आक्का आतून बाहेर आली. म्हणाली, "लाईन गेली का?"

"गेली की. डब्यानं तोडली. तुझा खटका घडीभर खाली कर. आकडा खुणेच्या वर चढला की मव्ही लाईन यील, टाकी थंड व्हईल. घडीभर पंखे न्हाई चालले तं काय व्हत न्हाई अळ्यांला."

"भाद्रपदात काय झालं व्हतं?"

"तवा लाईन गेल्ती."

"गेल्ती, का कुणी घालवल्ती?"

मी त्याच्या समोरच उभा होतो. त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं की दिवाळीत आप्पांकडे करंजी खायला कोण गेलं होतं. तो माझ्यावर काहीतरी बोलणार होता, पण त्याच्यामागे उभ्या असलेल्या एका म्हातारीला वेळ नव्हता. ती म्हणाली, "बोल बाबा जल्दी काय ते. मव्हं दूध हाय त्याच्यात."

मागून दुसरी कोणी तेच म्हणाली. मग आप्पा, सहज, वर बघत: "आकडा वर असताना डबा लाईन तोडत न्हाई, दादा. इचारलंय मी संस्थेच्या त्या पोराला."

दादाने मान खाली घातली नाही. हे त्याच्याबद्दल लिहायला हवं. सरळ आक्काकडे बघून तो म्हणाला, "म्या बंद केल्ती. ढग आल्ते, बॅटरी उतरून राह्यली व्हती, अन् टाकीत गावाचं दूध व्हतं. खटका वढला अन् राजूरला गेलो. मला वाटलं, अळ्याच तं हायेत. मंग काय करावं म्या?"

वाक्य मिळालं. त्यात "म्या" होता. दाजींच्या हातातली फांदी तशीच राहिली.

माझ्यापुरतं काम तिथे संपलं होतं. आक्काचं संपलं नव्हतं. तिने पदराची गाठ सोडली आणि किल्ली त्याच्यापुढे धरली. म्हणाली, "घे. आज बी तूच बंद कर. पर आधी आत येऊन बघ, काय बंद करून राह्यला."

शेडच्या दाराशी चुन्याच्या पाण्याचं घमेलं ठेवलेलं असतं, बाहेरचा रोग आत जाऊ नये म्हणून. आत जाणाऱ्याने त्यात पाय बुडवायचे. तंबाखू खाल्लेली असेल तर आधी चूळ भरायची, कारण तंबाखूने अळी मरते. दादाला दिवसभर तंबाखू लागते. आक्काने त्याला तांब्या दिला. सगळ्यांसमोर त्याने बाजूला जाऊन चूळ भरली, एकदा भरून भागलं नाही, आक्काने पुन्हा भरायला लावली. चपला काढल्या, चुन्यात पाय बुडवले, आत गेला. आत तो किती वेळ होता ते मी मोजलं नाही. पाल्याचा कुरतडण्याचा आवाज येत होता, बाकी काही नाही. आक्का त्याच्या मागे उभी होती आणि रॅक दाखवत होती. काय म्हणत होती ते बाहेर ऐकू आलं नाही.

बाहेर आला तेव्हा किल्ली त्याच्या मुठीत होती. खोली समोर दिसत होती. जाऊन खटका ओढायला त्याला कोणी अडवलं नसतं. आक्काने स्वतः किल्ली दिली होती. पण मागे लोक उभे होते, आणि या वेळी लाईन गेली असं म्हणता येणार नव्हतं. दादाने खटका ओढला, असंच म्हणावं लागलं असतं. उद्याही, पुढच्या वर्षीही. तो तसाच उभा राहिला. मग त्याने किल्ली पाल्याच्या ढिगावर ठेवली आणि आडवाटेने दूध न्यायला एखादा पिकअप मिळतो का ते बघायला निघून गेला.

दूध राजूरला पोचेपर्यंत बरंच बिघडलं होतं. काही बायकांनी आपापले कॅन परत नेले आणि घरी खवा आटवला. ती म्हातारी जाताना माझ्यापाशी थांबून म्हणाली की तुमच्या भावाभयनीच्या भांडणात मव्हं दूध गेलं. ते खरं होतं. किल्ली उचलून आप्पांच्या हाती द्यावी आणि दोन्हीकडे अर्धी अर्धी वेळ लाईन सोडावी, हे मला त्या वेळी सुचलं होतं. मी बोललो नाही. आक्काच्या मनात काय होतं ते तिने सांगितलं नाही, आणि तिचे पंखे चालू राहिले. त्या बॅचचे कोष चांगले झाले.

पाडवा जवळ आला. आदल्या दिवशी ट्रॅक्टरवाला विचारायला आला, तेव्हा दाजींनी त्याला परत पाठवलं. तुती फक्त छाटायची आहे, म्हणाले. आम्ही जेवायला बसलो होतो. आक्का वाढत होती. दाजींनी ताटाकडे बघत तिला सांगितलं की त्यांना खरंच ओला पाला वाटला होता.

"कुणी सांगितलं व्हतं?" आक्काने विचारलं.

"लोक म्हणत व्हते."

"मंग आता लोकांला सांगून या," आक्का म्हणाली. "घरोघर. पाला ओला नव्हता म्हणावं. अन् दादानं लाईन बंद केल्ती म्हणावं. दोन्ही सांगायचं."

दाजींनी जेवण संपवलं. पाडव्याच्या सकाळी गुढी उभारून झाल्यावर त्यांनी नवं धोतर नेसलं आणि निघाले. घरजावई म्हणून ज्या ओट्यांवर ते कधी बसले नव्हते, त्या ओट्यांवर गेले. आधी माळ, मग ओढ्यापलीकडे. तिथे आप्पांनी त्यांना गूळ-कडुनिंब देऊन पूर्ण ऐकून घेतलं, जणू पहिल्यांदाच ऐकत होते. मग रस्त्याकडेची घरं. मी लांबून चालत होतो. शेवटचं घर दादाचं होतं. मला वाटलं, दाजी ते टाळतील. ते आत गेले.

मी रस्त्यावर उभा राहिलो. दार उघडं होतं, पण आवाज येत नव्हता. बाहेर आल्यावर दाजी म्हणाले की चहा झाला. मी विचारलं, चहा आधी झाला की सांगणं आधी.

"आधी सांगितलं," दाजी म्हणाले. "मंग चहा घेतला. पुरा घेतला."